आईने ऐकलेला दुसरा आवाज

ताई,
मी १९ वर्षांची आहे, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. घरी मी फार बोलत नाही. आईबाबा चारचौघांत 'आमची शांत आहे हो' म्हणतात आणि घरी मी खरंच तशी असते. ग्रुपमध्ये मात्र सगळ्यात जास्त दंगा माझा. शिव्याही देते. वर्गात शिक्षकांसमोर तिसरंच काहीतरी, उत्तर येत असलं तरी तोंड उघडत नाही. इन्स्टाग्रामवर दोन अकाउंट आहेत, एक नातेवाइकांना दिसणारं, दुसरं फक्त ११ जणींचं. ग्रुपमध्ये अभ्यासाचा विषय निघाला की मी 'काहीच वाचलं नाही गं' म्हणते, पण पहाटे उठून वाचलेलं असतं. (एका मैत्रिणीचा मागच्या सत्रात एक विषय राहिला. ती हसून म्हणाली, 'तुझ्या भरवशावर राहिले.')
गेल्या महिन्यात आई कॉलेजच्या कार्यक्रमाला आली होती. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. कार्यक्रम संपल्यावर विंगेत मैत्रिणींशी जे काय बोलत होते ते सगळं तिने ऐकलं. ती मागे उभी आहे हे मला माहीतच नव्हतं. परत येताना एवढंच म्हणाली, 'ही कोण होती? इतकी वर्षं आमच्यासमोर नाटक करत होतीस का?' तेव्हापासून मलाच माझा संशय यायला लागलाय. घरी बोलताना वाटतं अभिनय चाललाय, ग्रुपमध्येही तेच वाटतं. सगळीकडे एकसारखं वागून पाहिलं, चार दिवसांत थकले. यातली खरी मी कोणती?
तुमची,
दुतोंडी
(पत्र छापलंत तर नाव देऊ नका.)

अगं,

नाव देत नाही. पण ही सहीसुद्धा मला मान्य नाही. एकाच माणसाशी तोंडावर गोड आणि पाठीमागे कडू बोलणाऱ्याला दुतोंडी म्हणतात. आईशी हळू आणि मैत्रिणींशी मोठ्याने बोलणाऱ्या मुलीला तो शब्द लावायचा, तर आपल्या भाषेत एकही एकतोंडी माणूस सापडणार नाही. मराठीत साधं 'कधी येणार' असं विचारायचं झालं तरी समोर कोण आहे ते आधी ठरवावं लागतं. येणारेस, येणार आहात, आपण येणार आहात. अगं, अरे, अहो. क्रियापद तोंडातून बाहेर पडायच्या आत आपण समोरच्याचं वय, मान आणि जवळीक मोजलेली असते आणि त्याबरोबर स्वतःलाही थोडं वळवून घेतलेलं असतं. हे तू बोलायला लागल्यापासून करते आहेस.

मी वसतिगृहात होते तेव्हा मजल्यावर एकच फोन होता, तोही जिन्याजवळ. कुणीही बोलायला लागलं की सगळ्यांना ऐकू जायचं. खोलीत दणदणीत आवाजात भांडणारी माझी सोबतीण घरचा फोन आला की अशी काही मऊ व्हायची, की आम्ही तोंडावर हात दाबून हसायचो. महिनाभराने कळलं की माझी नक्कल ती माझ्यापाठी अगदी हुबेहूब करते. 'हो आई. नाही आई. जेवले आई.' माझा आवाज चक्क वरच्या पट्टीत जायचा म्हणे, आठ वर्षांच्या मुलीसारखा. मला ते ऐकून इतका राग आला होता! राग तिचा नव्हता, आपण पकडले गेलो याचा होता. तुझं पत्र वाचताना तो जिना आठवला.

आता तुझ्या आईकडे येऊ. तिने तुला गाठलं ते नेमकं विंगेत, हा योगायोग मला फार आवडला, कारण या विषयावर सगळ्यात नावाजलेलं लिखाण करणाऱ्या समाजशास्त्रज्ञाने विंगेचाच दाखला घेतला होता. अर्व्हिंग गॉफमन त्याचं नाव. तरुणपणी तो स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर राहून लोकांचं रोजचं वागणं टिपत होता. तिथल्या एका हॉटेलात त्याला दिसलं की पाहुण्यांसमोर वावरतानाची रीत एक आणि तीच माणसं स्वयंपाकघराच्या दाराआड गेली की रीत दुसरी. त्यावरून त्याने १९५६ साली मांडणी केली की रोजच्या जगण्यातही प्रेक्षकांसमोरचा रंगमंच असतो आणि पडद्यामागची जागा असते, आणि दोन्हींच्या मध्ये दार असतं म्हणून सगळं सुरळीत चालतं. भलता माणूस भलत्या वेळी त्या दारातून आत आला की सगळ्यांचीच पंचाईत होते. आत आलेल्याचीही.

पण हे वाचून लोक एक चुकीचा निष्कर्ष काढतात, आणि तुझ्या आईने तोच काढलाय: रंगमंचावरचं ते खोटं, विंगेतलं ते खरं. म्हणजे शिव्या देणारी मुलगी अस्सल आणि घरातली शांत मुलगी बनावट. असं का म्हणून? विंगेलाही तिची रीत असतेच की. तुमच्या ग्रुपमध्ये एखाद्या दिवशी तू हळू आवाजात, एकही शिवी न देता, नीट वाक्यं जुळवून बोलून बघ. पाच मिनिटांत कुणीतरी विचारेल, 'काय झालं गं, बरी आहेस ना?' तिथे दंगा करणं ही तिथली शिस्तच आहे. घरची शिस्त वेगळी, एवढाच फरक.

आणि यात तू काही नवीन करत नाहीस. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० सालीच लिहून ठेवलंय की माणसाला जितकी माणसं ओळखतात तितकी त्याची सामाजिक रूपं असतात. त्यासाठी त्याने दिलेलं उदाहरण तुझं पत्र चोरून वाचल्यासारखं आहे: आईवडील आणि शिक्षकांसमोर गरीब असणारी पोरं आपल्या दोस्तांत समुद्री चाच्यांसारखी शिव्या देत मिरवतात. तेव्हा इन्स्टाग्राम नव्हतं, ११ जणींचं अकाउंटही नव्हतं. पोरं मात्र हीच होती.

'खरी मी कोणती' हा प्रश्नही वयाबरोबर येतो. सुझन हार्टर या संशोधिकेने किशोरवयीन मुलांना आपापल्या रूपांची वर्णनं करायला लावली होती, घरी कसा, मित्रांत कसा, वर्गात कसा. त्यांच्यातल्या लहानांना या विसंगतीचं फारसं काही वाटत नव्हतं. १४-१५ वर्षांच्या मुलांना मात्र ती सगळ्यात जास्त टोचत होती, आणि त्याहून मोठ्या मुलांना पुन्हा थोडी कमी. म्हणजे विसंगती दिसायला लागते त्या वयात ती सामावून घ्यायची ताकद अजून आलेली नसते. तू म्हणशील, मी तर १९ ची. बरोबर आहे. तुझ्या बाबतीत हा प्रश्न निजला होता, आईच्या एका वाक्याने त्याला उठवलं.

इथपर्यंत लिहून मी पत्र बंद केलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. पण तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा माझी नजर तू कंसात टाकलेल्या वाक्यावर अडखळली.

तुझ्या पत्रात रूपं पुष्कळ आहेत. बहुतेक ठिकाणी बदलतो तो सूर. घरी हळू, ग्रुपमध्ये चढा, वर्गात बंद. सूर बदलल्याने कुणाची फसवणूक होत नाही. तुझ्या आईला तुझ्याबद्दल कमी माहिती होती, चुकीची नव्हती. तू शांत आहेस हे खरंच आहे, तू शांतच आहेस हे तिने आपल्या मनाने धरलं. एक जागा मात्र अशी आहे जिथे सूर तोच ठेवून तू हकीकत बदलतेस. 'काहीच वाचलं नाही गं.'

गंमत बघ, घरातल्या ज्या रूपाची तुला लाज वाटायला लागली आहे ते निरुपद्रवी आहे. आणि ग्रुपमधलं जे रूप वरून मोकळंढाकळं, अस्सल दिसतं, खोटं नेमकं त्याच्याच पदरात आहे.

हे खोटं तू एकटी बोलत नाहीस, हे मला ठाऊक आहे. परीक्षेच्या सभागृहाबाहेर उभं राहिलं तर अर्धा वर्ग हेच म्हणताना ऐकू येतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मुलांनी तर याला नावच ठेवलंय, बदकाचं दुखणं. पाण्यावरून बदक कसं निवांत सरकताना दिसतं आणि पाण्याखाली पाय मात्र जिवाच्या आकांताने मारत असतं, तसं. कारणंही समजण्यासारखी असतात. न वाचता मार्क मिळाले तर हुशारी ठरते, आणि कमी पडले तर 'वाचलंच कुठे होतं' म्हणायची सोय राहते. शिवाय ग्रुपमध्ये 'पुस्तकी किडा' हा शिक्का नको असतो. दोन्हीकडून सुरक्षित. फक्त किंमत दुसरं कुणीतरी मोजतं. तुझ्या मैत्रिणीने पाण्यावरचं बदक पाहिलं आणि ठरवलं की पाय मारायची गरज नसते. ती हसून म्हणाली असेलही. तिचा विषय राहिला याची जबाबदारी ती तुझ्या माथी मारणार नाही, आणि मारूही नये, कारण अभ्यास करायचा की नाही हे तिचं तिने ठरवलं. पण 'तुझ्या भरवशावर' हे शब्द तिने उगाच निवडले नाहीत. आणि तूही ते उगाच कंसात लिहिले नाहीस.

थकण्याचंही तेच. तू लिहितेस, एकसारखं वागायचा प्रयत्न केला आणि चार दिवसांत थकलीस. ते चार दिवस सोड, माझा अंदाज आहे की तू आधीपासूनच थकलेली होतीस, आणि ते रूपं बदलून नव्हे. रूप बदलायला कष्ट पडत नाहीत, आपण दारातून आत जाताना चप्पल काढतो तितक्या सहज ते होतं. कष्ट पडतात ते पहारा द्यायला. कुणाला काय सांगितलंय, कोण कुणाला भेटू नये, पहाटे वाचलेल्या नोट्स कुणाला दिसू नयेत, आई कॉलेजात आली तर तिला कुठे बसवावं. या रूपांच्या मधल्या भिंतीवर तू रात्रंदिवस उभी असतेस. आई मागून आली तेव्हा तुझी पहिली प्रतिक्रिया काय होती ते आठव. लाज वाटली असेल, पण त्याच्याआधी क्षणभर 'मेले, पकडले गेले' असंच वाटलं असणार.

१९९७ साली केनन शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या मुलांना पाच भूमिकांबद्दल विचारलं होतं: विद्यार्थी, नोकरदार, अपत्य, मित्र आणि प्रेमातला जोडीदार. मुलं मित्रांत सगळ्यात बोलकी निघाली, आणि सगळ्यात धास्तावलेली विद्यार्थ्याच्या भूमिकेत. (वर्गात तुझं तोंड का उघडत नाही, याचं उत्तर बहुधा यात आहे. तो काही तुझ्या स्वभावातला गूढ कोपरा नाही. तिथे मूल्यमापन चालू असतं आणि तुला ते कळतं, बस. एका तासाला एक प्रश्न विचारायचा एवढं ठरव. उत्तर देण्यापेक्षा प्रश्न विचारणं सोपं, कारण प्रश्न चुकत नाही.) त्याच अभ्यासात असंही दिसलं की भूमिकांमध्ये फार अंतर असलेल्यांना ताण जास्त होता, म्हणजे अंतराचं काहीच नसतं असं मी तुला सांगणार नाही. पण त्या भूमिकेत असताना 'ही मीच आहे' असं आतून वाटतं की नाही, यालाही तितकंच स्वतंत्र महत्त्व होतं. तेव्हा स्वतःला विचार. मैत्रिणींना हसवताना तुला ती तूच वाटतेस? माझी खात्री आहे, वाटत असशील. बाबांशेजारी न बोलता बसलेली असताना? बहुतेक तेव्हाही. आणि 'काहीच वाचलं नाही गं' म्हणताना?

दुसऱ्या अकाउंटबद्दल तू विचारलं नाहीस, तरी एक वाक्य. ११ जणींशी खासगीत बोलायचा हक्क तुला आहे, फक्त तिथे लिहिलेलं कुणाच्याही बोटाने स्क्रीनशॉट होऊन बाहेर येऊ शकतं, आणि मग सगळ्या खोल्यांची दारं एकदम उघडतात. विंगेत निदान मागे वळून बघता येतं.

एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगते, कारण हे पत्र तुझ्यासारख्या इतरही वाचतील. लपवणं नेहमी खोटेपणा असतो असं नाही. काही मुलंमुली घरापासून, वर्गापासून किंवा ग्रुपपासून स्वतःबद्दल एखादी गोष्ट लपवतात ती जीव सांभाळायला. आपल्याला कोण आवडतं, आपण कुठल्या घरातून आलो, घरात काय सोसतो. ते सांगितलं तर मार बसेल, शिक्षण तुटेल किंवा हेटाळणी होईल अशी भीती खरी असेल, तर तिथली भिंत पाडायला मी कुणालाही सांगणार नाही. कुणाला, कधी आणि किती सांगायचं हे त्यांनीच ठरवावं. पहारा देऊन तीही दमतात, पण त्यांना एखादं भरवशाचं माणूस शोधून द्यायला हवं, प्रामाणिकपणाचे धडे नकोत.

तुझी भिंत तसली नाही, हे तुझ्या पत्रावरून दिसतं. आई चिडलेली नाही, दुखावलेली आहे. 'नाटक करत होतीस का' या वाक्यात राग दिसतो, पण मला त्यात मत्सर जास्त ऐकू आला. एवढी हसरी, हजरजबाबी मुलगी आपल्या घरात राहते आणि आपल्या वाट्याला ती कधी आलीच नाही! तुझं सूत्रसंचालन कसं झालं हे तिने विचारलं का, किंवा तू तिला विचारलंस का, याबद्दल पत्रात अक्षर नाही. सगळा कार्यक्रम तिने बसून पाहिला, आणि तुम्ही दोघी बोललात ते शेवटच्या पाच मिनिटांवर.

तिच्याशी बोल. 'मी कशी वेगवेगळी आहे' यावर भाषण देऊ नकोस, आईसमोर भाषणं टिकत नाहीत. विंगेतला एखादा किस्सा सांग, शिव्या वगळून किंवा एखादी ठेवून, तुझी आई कशी आहे त्यावर. कोण काय विसरलं, माइक कसा ऐनवेळी बंद पडला, तू काय बोलून वेळ मारून नेलीस. म्हणजे कट्ट्यावरच्या त्या मुलीला थोडीशी घरात आण. सगळी आणायची गरज नाही, आईलाही ती सगळी झेपणार नाही आणि तुलाही आवडणार नाही. आणि जमलं तर तिलाच विचार की ती कॉलेजात असताना मैत्रिणींत कशी होती. तिलाही एक आवाज असेल जो तू कधी ऐकलेला नाहीस. तिने सांगितलं नाही तर मागे लागू नकोस.

हे सगळं करूनही महिना-दोन महिन्यांनी प्रत्येक ठिकाणी बाहेरून स्वतःकडे बघत असल्यासारखं वाटत राहिलं, झोप उडाली, कुठल्याच माणसांत बरं वाटेनासं झालं, तर कॉलेजच्या समुपदेशकाला भेट. माझ्या सदराला तेवढी उंची नाही.

ग्रुपला काय सांगायचं? जाहीर कबुलीजबाब देऊ नकोस, त्याचंही एक नाटक होईल. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर 'तीन प्रकरणं झाली, चौथं डोक्यावरून गेलं' असं खरं ते सांग. एक-दोघी टोमणा मारतील. एखादी हळूच येऊन विचारेल की तिसरं कसं केलंस, आणि बहुतेक तीही पहाटे उठत असेल.

पण त्या मैत्रिणीचं तसं भागणार नाही. तिचा राहिलेला विषय पुन्हा कधी आहे ते तू लिहिलेलं नाहीस. परीक्षा जवळ आली असेल तर आईशी बोलणं दोन दिवस लांबव, आई कुठे जात नाही. आधी हिला फोन कर. सांग की मी वाचत होते, तेव्हाही आणि आताही, आणि त्या विषयाच्या माझ्या नोट्स आहेत. ती चिडली तर चिडू दे. उद्या किती वाजता बसायचं, ते विचार.